पन्नास मायक्रोग्रॅम जास्त

मी एक किलोग्रॅम बोलतोय. भाजीवाल्याच्या तराजूतला नव्हे; त्याचं वजन ज्याच्याशी ताडून बघतात, तो. पोलादाचा, आरशासारखा लखलखीत, काचेच्या घुमटाखाली बसवलेला. घडलो त्या दिवशीच माझं काम ठरलं होतं, ते म्हणजे कधीही न बदलणं.

प्रयोगशाळेतल्या एका तपासनीसांनी मला एकतीस वर्षं सांभाळलं. उचलायचे ते मऊ चामडं लावलेल्या चिमट्यानेच, कारण बोटाचं तेलही माझ्यावर ओझं. लेकीला त्यांनी तिथेच शिकवलं की एकदा मोजलं तर तो अंदाज, तीनदा मोजलं तर माप. आकड्यापुढे एकक नसलं की ते खवळायचे. "पाच काय? पाच ग्रॅम, पाच मीटर, की पाच माकडं?" लेक खुदकन हसायची. पुढे त्यांच्या जागी तीच आली.

निवृत्तीच्या दिवशी ते घुमटासमोर बराच वेळ उभे राहिले. एवढी वर्षं सांभाळलं, पण हा हाताला कसा लागतो ते कळलंच नाही, असं काहीसं पुटपुटले. लेकीने त्यांना हातमोजा काढू दिला नाही.

त्याच वर्षी ते वारले.

त्यानंतरच्या तपासणीत मी जास्त भरलो. पन्नास मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले पन्नास. लेकीने तीनदा तोललं, तराजू बदलून पुन्हा तीनदा. आकडा हलेना. मग भर दुपारी तिने मला खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरलं.

माझ्या माथ्यावर अंगठ्याचा ठसा होता. ठशाच्या मधोमध एक तिरपी रेघ. काच लागून बाबांच्या अंगठ्यावर पडलेला व्रण तिने लहानपणापासून पाहिला होता. आणि घुमटाचं सील तर सकाळी तिनेच फोडलं होतं. तोवर ते शाबूत होतं.

तिने कापूस घेतला. स्पिरिटने मला पुसलं, तोललं. मी पुन्हा नेमका भरलो. तिने नवं सील लावलं. आठ दिवसांनी उघडलं, तर पुन्हा पन्नास.

मला विचाराल तर सांगतो. सगळे जेवायला गेले की तो स्पर्श यायचा. गार नव्हता. तापल्या कपाळावर हात ठेवावा तसा हलका असायचा, आणि लवकर उचलला जायचा नाही.

एका दुपारी ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "बाबा, हात लावू नका. औषधवाल्यांची मापंसुद्धा याच्यावरून तपासतात."

दुसऱ्या दिवशी शंभर भरले. ठसे दोन.

तोलण्याआधी दर वेळी मला पुसलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती त्यांचीच लेक. तिने अहवालात आकडा लिहिला, पुढे एकक लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही'.

मला कामावरून काढलं. तसंही आता किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिर आकड्यावरून ठरवतात. त्याला अंग लागत नाही. माझी रवानगी लोखंडी कपाटात झाली. लेकीची बदली झाली. कपाट कुणी उघडत नाही.

तो हात मात्र रोज येतो. आता मला पुसणारं कुणी नाही, तोलणारंही नाही. जे मोजलं जात नाही, ते किती वाढावं याला धरबंध राहत नाही. माझ्याखालची लाकडी फळी वाकायला लागली आहे. काल तिला चीर गेल्याचा आवाज मी ऐकला.

कुणीतरी या. तीनदा नको, एकदाच तोला. मी आता किती आहे, एवढं मला सांगा.