बारांका क्लबचा सत्ताविसावा हंगाम

मुकादम तेचेराने लॅपटॉप मिटला तेव्हा दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं झाली होती आणि सबंध हंगाम खेळून संपला होता.

"झालं!" तो म्हणाला. "तीस सामने, एका सेकंदात. पुतण्याने केलाय हा प्रोग्राम. माझा इम्पेरियाल पुन्हा चॅम्पियन. चला, घरी जाऊन झोपा."

बाकीच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. कुणी दहाव्या विजेतेपदाचं अभिनंदन केलं, कुणी जांभई दिली. निदिया बेन्तांकूर तेवढी जागची हलली नाही. तिच्या मुठीत दोन फासे होते आणि ते गरम झाले होते.

उरुग्वेतल्या साल्तो गावच्या संत्र्यांच्या कारखान्यात संप चालला होता तेव्हाची ही लीग. फाटकावर बसून बसून कंटाळलेल्या कामगारांनी सहा फुटबॉल क्लब काढले. खेळाडू सगळे वहीतले. त्यांना नावं दिली, वयं दिली, कुणाला दुखरा गुडघा दिला. पाच मिनिटांच्या खेळाला दोन्ही बाजूंची एकेक फेक, अशा अठरा फेकींचा सामना. मागच्या वर्षी पहिल्या तिनांत आलेल्या क्लबाला अकरा किंवा बारा पडले की गोल, खालच्या तिघांना फक्त बारा पडले तरच. हा नियम तेचेराने केला होता. तेव्हा तो पॅकिंगचा मुकादम होता आणि निदिया त्याच्या हाताखाली संत्री निवडायची. सहावा गडी मिळेना म्हणून पुरुषांनी हसत हसत शेवटचा क्लब तिच्या गळ्यात मारला. बारांका त्याचं नाव. सव्वीस वर्षांत बारांका एकदाही पहिल्या तिनांत आला नव्हता.

"मुकादम," निदिया म्हणाली, "माझ्या लुसार्दोने किती गोल केले म्हणे?"

तेचेराने लॅपटॉप पुन्हा उघडला. "सात."

"कधी केले? पाऊस होता का? डोक्याने मारला की पायाने? मला एकही दिसला नाही."

"अगं, दिसायला काय आहे त्यात? नसलेला माणूस, नसलेला चेंडू. खरं सांगू? जिंकून जिंकून तोंड आंबलंय माझं. मजा गेली यातली."

"मी सव्वीस वर्षं हरतेय," निदिया म्हणाली, "मला एका दिवसाचा कंटाळा आलेला नाही. पुढच्या शनिवारी तीन वाजता पहिली फेरी आहे. मी येणार."

"ये की," तेचेरा म्हणाला. "खुर्च्यांनाच खेळायला घे!"

सगळे हसले. निदियाने फासे खिशात टाकले आणि ती उठली.

पुढच्या शनिवारी ती मोहल्ल्याच्या क्लबाच्या मागच्या खोलीत, जिथे लीग चालायची तिथे, आली तेव्हा खरंच खुर्च्यांखेरीज कुणी नव्हतं. तिने थर्मास ठेवला, येर्बाच्या कडू चहाचा तुंबा भरला आणि वही उघडली. तीन सामने होते. सहाही क्लबांचे फासे तिनेच टाकायचे. पहिल्या सामन्यात संपानंतर शाळामास्तर झालेल्या विल्मारच्या 'तिसा' क्लबाने इम्पेरियालला दोन-शून्य हरवलं. दुसऱ्या गोलाला निदिया एकटीच टाळी वाजवून गेली, मग स्वतःशीच ओशाळली.

शेवटचा सामना बारांकाचा होता. एक-शून्यने मागे, आणि शेवटची फेक. एक फासा सहावर थांबला. दुसरा घरंगळत जाऊन तुंब्याला टेकला आणि तिरकाच राहिला. वर सहा दिसत होता. म्हणजे बारा. म्हणजे बरोबरी.

तिरका फासा पुन्हा टाकायचा, असा नियम. खोलीत चिटपाखरू नव्हतं. निदिया फाशाकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. 'कोण विचारणार आहे?' तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला राग आला. असा गोल करायचा तर त्या लॅपटॉपने काय घोडं मारलं होतं? तिने फासा उचलून पुन्हा टाकला. दोन. बारांका हरला.

तिने तिन्ही सामन्यांची हकिगत कागदावर लिहिली, गोल कसे झाले, कोण घसरला, कोणाला शिट्ट्या मिळाल्या सगळं, आणि रविवारी सकाळी ओफेलियाच्या बेकरीच्या दारावर चिकटवली. रविवारी बिस्कोचो, म्हणजे गोड-खारे छोटे पाव, घ्यायला अर्धा मोहल्ला तिथे रांग लावतो.

"निदिया, बाई, हे काय लावलंस?" ओफेलियाने पिठाचे हात कमरेवर ठेवले. "ह्या पोरांच्या आया तरी आहेत का कुठे?"

"नाहीत. म्हणून तर मला बघावं लागतं त्यांच्याकडे. कागद काढलास तर उद्यापासून पाव दुसरीकडून घेईन."

कागद राहिला.

दुसऱ्या शनिवारी विल्मार मास्तर दारात येऊन उभा राहिला. "मी आपला नुसता बघायला आलोय हं," तो म्हणाला. "रांगेत कुणीतरी म्हणालं, आम्ही इम्पेरियालला हरवलं."

"बसा मास्तर. तुंबा घ्या."

अर्ध्या तासाने फासे मास्तरच्या हातात होते, आणि बारा पडल्यावर तो पन्नाशीचा माणूस खुर्चीवर चढला होता.

चौथ्या फेरीत घोटाळा झाला. बारांकाने इम्पेरियालला एक-शून्यने हरवलं. मास्तर त्या दिवशी नातीच्या वाढदिवसाला गेला होता, त्यामुळे फासे टाकणारी निदिया एकटीच. तरी तिने जसं झालं तसं लिहिलं आणि दाराला लावलं.

रविवारी साडेआठच्या सुमारास तेचेरा बेकरीत घुसला. रांग मोडून थेट तिच्यापुढे.

"माझ्या क्लबाचे फासे कोणी टाकले?"

"मी."

"आणि तुझ्या?"

"तेही मीच."

"वा गं वा! स्वतःच वाढायचं, स्वतःच जेवायचं! लबाड बाई, सव्वीस वर्षांत जमलं नाही ते रिकाम्या खोलीत जमवलंस!"

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. निदियाने बिस्कोचोची पिशवी काउंटरवर ठेवली.

"मुकादम, कारखान्यात तुम्ही माझी पेटी तीनदा तीनदा उलटी करून बघायचात. एक तरी सडकं संत्रं निघालं कधी? सांगा ना सगळ्यांसमोर."

तेचेराने नजर पावांच्या फळीकडे वळवली.

"नाही निघालं. आणि तुम्हाला कशाला राग येतोय? नसलेला चेंडू, नसलेली माणसं. मजा गेली होती ना?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. तेचेराची मान लाल झाली.

"इम्पेरियाल बारांकाकडून हरत नाही," तो दातांतून म्हणाला.

"मग शनिवारी या आणि स्वतःच्या हाताने टाका. नाही आलात तर मीच टाकणार, आणि जे पडेल ते ह्या दारावर लागणार. प्रत्येक रविवारी."

शनिवारी तेचेरा पावणेतीनलाच हजर होता. स्वतःचे फासे घेऊन आला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. त्याच्या मागोमाग उरलेले तिघेही आले, कारण मुकादम तणतणत असताना घरी कोण बसेल? त्या दिवसापासून उरलेले सहाही शनिवार खोली भरलेली होती. हकिगत मात्र निदियाच लिहायची. तेचेरा दर रविवारी ती दोनदा वाचायचा आणि म्हणायचा, "गोल डाव्या पायाने होता. हिला काही कळत नाही."

दहाव्या फेरीला इम्पेरियाल जिंकला तर चॅम्पियन, नाहीतर मास्तरचा तिसा. समोर बारांका. निदियाला अठरा फेकींत एकदाही बारा पडले नाहीत. तेचेराला अकरा पडले नाहीत आणि बाराही नाहीत. शेवटच्या फेकीला तो फाशांवर फुंकर घालून डोळे मिटून बसला. चार आणि सहा. शून्य-शून्य.

तिसा चॅम्पियन. मास्तरला आनंदाने रडू आलं. तेचेराने टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, "दहा वर्षांत फाशांवर फुंकर घातली नव्हती मी." मग वहीत डोकावला. बारांका चौथा होता, तिसऱ्याच्या एकाच गुणाने मागे. "अरेरे निदिया, एक गुण! हा नियमच चुकीचा आहे. बदलून टाकू. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनाच अकरावर गोल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं, ती खूश होईल.

"खबरदार!" निदिया म्हणाली. "सत्तावीस वर्षं मी बारावर काढली. आता मेहरबानी करता होय माझ्यावर? मला तिसरा नंबर पाहिजे आणि तो मी घेणार. तोवर कुणी नियमाला हात लावायचा नाही."

"हट्टी आहेस."

"आहेच. एप्रिलचा पहिला शनिवार, तीन वाजता. लिहून घ्या."

तेचेराने खिशातून पेन काढलं आणि कागद सापडेना म्हणून तळहातावर लिहिलं. मग त्याने बाकीच्यांना हाक मारून खुर्च्या भिंतीला लावायला घेतल्या, कारण पाच वाजता त्या खोलीत म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव बसायचा होता.