पाचशे लिंकांचं ओझं

मित्रांनो, मी दमले आहे, पण बसा, सांगते. मी एक जुनी वेबसाइट आहे. ज्या मुलांचा एक पाय आखूड किंवा वाकडा असतो, त्यांच्यासाठी मापाचे बूट शिवणाऱ्या एका कारागिराची.

त्याच्या मुलीने मला एका सुट्टीत बनवलं. चार फोटो, पत्ता, फोन नंबर, बस्स. दुकानातल्या संगणकावर मी दिवसभर उघडी असते, म्हणून तिथलं सगळं माझ्या कानावर पडतं. एका शाळेने आणि दोन डॉक्टरांनी आपापल्या पानांवर माझी लिंक दिली होती. लिंक म्हणजे दुसऱ्याच्या दारातून माझ्या दाराकडे येणारी वाट. त्या तीन वाटांनी कितीतरी आया मुलांना घेऊन आल्या. "तुमची साइट सापडली, बरं झालं हो," असं त्या म्हणत, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. मग कारागिराने माझ्यासाठी बाहेरचा एक माणूस नेमला. फोनवर तो भारी गोड बोलायचा.

"काका, महिन्याला शंभर लिंका आणतो. लिंका जितक्या जास्त, तितकी साइट शोधणाऱ्याला आधी दिसते. तुम्ही निवांत बूट शिवा."

दर सोमवारी त्याची यादी यायची आणि कारागीर आकडा बघूनच खूश व्हायचा. आत हात घालून कुठे टोचत नाही ना, हे पाहिल्याशिवाय बूट न देणारा हा माणूस! पण यादीतली एकही लिंक त्याने उघडली नाही. जुगाराच्या पानांवर, केस उगवणाऱ्या तेलांच्या जाहिरातींखाली माझं नाव टांगलेलं होतं. मला लाज वाटायची, पण मी सांगणार कुणाला?

पाच महिन्यांत पाचशे लिंका झाल्या. असल्या विकतच्या लिंका पाहून इंटरनेटवर शोधून देणाऱ्या यंत्रणेने मला लबाडांत जमा केलं. शोधाच्या पहिल्या पानावर दिसणारी मी नवव्या पानावर गेले आणि दुकानाचा फोन वाजेनासा झाला. मुलगी घरी आली, तेव्हा तिने यादी उघडली.

"बाबा, यातली एक तरी बघितलीत का?"

"मला त्यातलं काय कळतंय? माणूस शिकलेला वाटला."

"जुगाराचा अड्डा ओळखायला शिक्षण लागतं होय?"

तिने एकेका साइटला पत्र लिहून माझं नाव काढायची विनंती केली. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. मी अजून सातव्या पानावरच आहे.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. सहा वर्षांचा मुलगा कडेवर होता.

"आठ महिने शोधत होते हो. आता याला शाळेत घातलं, तेव्हा शाळेच्या पानावर तुमचं नाव दिसलं."

"त्याला जरा खाली उभं करा," कारागीर म्हणाला.

"नाही राहत उभा. पोरं लंगडा म्हणून हसायची. चालणंच सोडलंय त्याने."

कारागिराने जमिनीवर बसून माप घेतलं.

मित्रांनो, बाहेरच्या माणसाला काम जरूर द्या. पण तो तुमचं नाव कुठे नेऊन लावतो, ते स्वतः उघडून बघत जा. त्या मुलाचे बूट आता होतील. आठ महिने मात्र मी त्याला परत देऊ शकत नाही.