अधोलीवरची शीग

मी अधोली बोलतेय. दोन शेर धान्य मावेल एवढं लोखंडी माप. आजकालच्या किलोवाल्यांना हेही सांगावं लागतं, काय करणार!

मुळशी धरणाच्या काठच्या एका गावात लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी कंदमुळं उकडून दिवस काढले होते. पुन्हा ती पाळी नको म्हणून गावानं धान्य समिती केली. सुगीत घरटी भात घालायचं, पावसाळ्यात ज्याची चूल थंड पडेल त्यानं न्यायचं आणि पुढच्या सुगीला परत करायचं. समितीत मोठे खातेदार गेणबा, दुकानदार चाँदभाई आणि रंभाबाई. मापाला मी. मला केवढा अभिमान वाटला होता!

नेम गेणबांनी घातला. भात घेताना मला शीग लावून भरायचं, म्हणजे वर टोक येईपर्यंत. देताना मात्र पट्टी फिरवून सपाट. उरलेली शीग बियाण्याला राखायची. गेणबा लबाड नव्हते. दुष्काळात लोकांना बियाणं शिजवून खाताना त्यांनी पाहिलं होतं, त्याचीच त्यांना धास्ती होती.

आषाढात सारजाबाई आली. मोलमजुरी करणारी बाई, कडेवर तान्हं पोर आणि दूध आटलेलं. रंभाबाईंनी मला भरून वर आणखी दोन ओंजळी टाकल्या. गेणबांनी पट्टी फिरवली.

"पोराकडं तरी बगा की," रंभाबाई म्हणाल्या.

"एकीला दिली की समद्यांस्नी द्यावी लागंल. मग पेरायचं काय?"

चाँदभाईंनी वहीत आकडा मांडला. सारजाबाईला कुणी काही विचारलंच नाही, ती पायरीखाली उभी होती. श्रावणात तिचं पोर गेलं. कोठीतली शीग मात्र शाबूत होती. मला माझीच किळस आली.

दिवाळीनंतर सुगी झाली. सारजाबाई मजुरीचं भात घेऊन परतफेडीला आली. तिनं मला भरलं आणि वर शीग चढवली.

"ऱ्हाऊ दे गं शीग," गेणबा खाली बघत म्हणाले.

"का? नेम हाय न्हवं? घ्या. माज्या पोराच्या तोंडातली हाय, नीट ठेवा."

त्यानंतर रंभाबाई बैठकीला आल्या नाहीत. पुढं समितीच मोडली. आता मी चाँदभाईंच्या दुकानात खिळे सांभाळतेय, बूड गंजलंय.

बाबांनो, अशी समिती तुम्ही जरूर करा. बियाणंही राखा. पण नेम ठरवाल तेव्हा सारजाबाईला आत बोलावून बसवा. तिचं पोर जिवंत आहे तोवर.