गोदूबाईंची गंगम्मा आणि माझी श्रेणी

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बांध आहे. सरकारी नोंदीत मला धरण म्हणतात. मीही कधी हरकत घेतली नाही. बेंगळुरात, बनशंकरीच्या पलीकडे, बस जिथून वळून परत फिरायची त्याच्याही पुढे, एका कारखान्याच्या करमणूक मंडळानं मला बांधलं. माझ्यामुळे कुणाचं वावर भिजलं नाही की कुठं दिवा लागला नाही. रविवारी कामगारांनी बदकाच्या आकाराच्या बोटींत बसून पाय मारावेत, एवढ्यासाठी माझा जन्म. खरी बदकं एकदा येऊन बघून गेली. पुन्हा आली नाहीत.

मधूनमधून सरकारी इंजिनियर येई आणि मला सुरक्षेची श्रेणी देई. तिचे दोन भाग असतात. स्थिती, म्हणजे मी कसा आहे. आणि धोका, म्हणजे मी फुटलो तर खाली काय वाहून जाईल. खाली नाचणीचं शेत होतं. त्यामुळे स्थिती चांगली, धोका कमी. अशा वेळी आनंद झाला असं सांगायची रीत आहे. मला काही झालं नाही. मी माती आहे.

मंडळाचे सेक्रेटरी होते नरसिंहराव. त्यांचं घराणं बेंगळुरात इतकं मुरलेलं, की घरात बोलणं मराठीत चाले आणि रागावणं कन्नडात. नव्वद सालानंतर नाचणीच्या शेताचे प्लॉट पडले. नरसिंहरावांनी राजाजीनगरचं घर विकून पहिला प्लॉट घेतला, घर बांधलं आणि पाटी लावली, 'लेक व्ह्यू'. खिडकीतून तळं दिसत नसे. माझी पाठ दिसे, गवतासकट.

एका उन्हाळ्यात सगळी वसाहत टँकरची वाट बघत असताना माझ्या पायथ्याशी पाणी पाझरू लागलं. ते पहिल्यांदा दिसलं नरसिंहरावांच्या आईला, गोदूबाईंना.

"नरसू, धाव रे! गंगम्मा आली आपल्या दारात!"

गंगम्मा म्हणजे इकडची पाण्याची देवी. नरसिंहराव आले. त्यांनी पाण्याला बोट लावलं. मान वर करून माझी उंची पाहिली. मग आईचा चेहरा पाहिला. एवढी वर्षं बांध सांभाळलेल्या माणसाला पायथ्याची ओल कशानं येते हे कळत होतंच. त्यांनी फरशी मागवली. छोटं कुंड झालं, त्यावर त्यांच्या नावाची पाटी झाली, उद्‌घाटनाला भाषणही झालं. त्या दिवसापासून गोदूबाई रोज सकाळी कुंडाशी बसू लागल्या. वसाहतीतल्या बायका गळती तांब्यात भरून घरी नेऊ लागल्या.

पुढं श्रीहर्ष नावाचा तरुण इंजिनियर आला. त्याच्याही घरी मराठीच. त्यानं लिहिलं : स्थिती बरी, धोका जास्त.

"अरे तम्मा, बांध तोच आहे. धोका कसा वाढला?" नरसिंहराव चिडले.

"बांध तोच आहे, काका. खाली आधी नाचणी होती. आता तुम्ही आहात."

"म्हणजे आम्ही उठून गेलो तर हा चांगला?"

"एकदम चांगला." श्रीहर्ष कुंडाशी वाकला. "पाणी स्वच्छ आहे तोवर ठीक. गढूळ झालं तर समजा, आतली माती वाहून चाललीय. मग लगेच तळं रिकामं करायचं आणि खालच्यांना हलवायचं. आजींना हे सांगून ठेवा."

"सरी, सरी," म्हणाले नरसिंहराव, म्हणजे कन्नडात बरं, बरं, आणि सांगितलं नाही.

तशी मला बढतीच मिळाली होती, काहीही न करता. मला काही वाटलं नाही.

सत्त्याण्णवच्या आश्विनात पाऊस थांबेना. तळं काठोकाठ भरलं. तळं भरलं की बागिन द्यायचं, ही इथली रीत. सुपात हळदकुंकू, बांगड्या, डाळ-तांदूळ ठेवायचे, वर दुसरं सूप झाकायचं आणि पाण्याला वाहायचं. वसाहतीतल्या बायका रेशमी साड्या नेसून, छत्र्या धरून, तळ्याकडे न जाता कुंडाशी जमल्या.

कुंडातलं पाणी पांढरट झालं होतं.

"ताक झालंय बघा!" गोदूबाई म्हणाल्या. "गंगम्मा प्रसन्न झाली."

त्यांनी ओंजळभर तीर्थ घेतलं. मित्रांनो, ते माझं पोट होतं. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखायला आत काहीतरी शिल्लक लागतं.

नरसिंहराव पूजेचे नारळ घेऊन आले आणि कुंड पाहून तिथंच थबकले.

"आई, ऊठ."

"आरती व्हायचीय."

"आई, ही गंगम्मा नाही. गळती आहे. बांध फुटणार आहे."

गोदूबाईंनी पाटीकडे बोट केलं. "मग फरशी कशाला लावलीस?"

आई हलेना. नरसिंहराव नारळ टाकून माझ्यावर चढले आणि तळाची मोरी उघडायचं चाक फिरवू लागले. चाक गंजलेलं. मग त्यांनी वरून कन्नडात असा आवाज टाकला, की बायका सुपं खाली ठेवून धावत वर आल्या. रेशमी पदर खोचून त्या चाकाला लोंबकळल्या. चाक करकरलं. पाणी बाजूच्या ओढ्यानं निघालं. इतका वेळ गोदूबाई खाली, माझ्या पायथ्याशी, एकट्या बसून होत्या. मी फुटलो नाही. यात माझं कौतुक नाही. पाणी आधी संपलं.

नंतर एक पिवळं यंत्र आलं आणि त्यानं मला मधोमध कापलं. माझी शेवटची श्रेणी अशी : धोका नाही, स्थिती लागू नाही. मी इतका सुरक्षित कधीच नव्हतो. मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखा एखादा बांध असेल, तर अधूनमधून त्याच्या पायथ्याशी जाऊन बघा. पाणी दिसलं तर हात जोडण्याआधी कुणाला तरी सांगा.

यंत्र येण्याआधीची एक सकाळ मात्र सांगायची राहिली. कुंड आटलं होतं आणि गोदूबाईंनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. त्या सकाळी त्या काठी टेकत पहिल्यांदाच माझ्यावर चढल्या. पलीकडे खोल चिखल, आणि त्यात दोन बोटी आडव्या. नरसिंहराव मागं येऊन उभे राहिले.

"एवढं पाणी होतं? माझ्या डोक्यावर?"

"हो."

गोदूबाईंनी वळून खाली कुंडाकडे पाहिलं.

"आधी सांगायचं होतंस, नरसू."

"तू ऐकलं नसतंस, आई."

"नसतंच ऐकलं," गोदूबाई म्हणाल्या. "तरी सांगायचं होतंस."