शेवटचा फोटो धाकटीचा

मित्रांनो, माझ्या भिंगावर आता बुरशी चढली आहे. ती आतल्या बाजूने पसरली आहे, त्यामुळे कितीही पुसले तरी जात नाही. मी रोलचा कॅमेरा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे भाईबंद दुकानाच्या काचेमागे शोभेला मांडलेले पाहिले असतील आणि 'हे अजून चालतं का?' असे विचारलेही असेल. मी चालत नाही. पण एके काळी मी खूप चाललो, खूप हिंडलो. ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

एका कारखान्यात लांबलचक टेबलावर माझे भाग जुळवले गेले. अगदी शेवटी पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला डोळ्याला लावले, समोरच्या भिंतीकडे रोखले आणि बटण दाबले. 'खटक्!' तो माझा पहिला आवाज. "हा गडी चांगला बोलतो," असे ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातले. आयुष्यातली पहिली शाबासकी माणूस विसरत नाही, तसा मीही विसरलो नाही.

मला विकत घेतले ते दोन बहिणींनी. थोरली दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्या बोटांना नेहमी गुलाबी मेण लागलेले असे. "साऱ्या गावाचं हसू माझ्या हातात आहे," असे ती म्हणायची, आणि ते खरेच होते. धाकटी शाळेची बस चालवायची. आरडाओरडा करणारी चाळीस पोरे मागे घेऊन ती इतकी शांत बसायची की पोरेच दमून गप्प होत. दोघींची आई फार लवकर गेली होती. धाकटीची वेणी घालणे, तिचा डबा भरणे, तापात तिच्या उशाशी बसणे हे सगळे थोरलीनेच केले. धाकटीचे लग्न झाले, तिचा शिंपी नवरा मोठा गोड माणूस निघाला. थोरलीचे लग्न मात्र राहून गेले ते गेलेच. त्याबद्दल घरात कोणी कधी बोलत नसे.

शाळेला सुट्टी लागली की दोघी गाडी काढून भटकायला निघत. शिंपी दारात उभा राहून हात हलवायचा. "या सावकाश. दोन दिवस उशिरा आलात तरी माझी काही तक्रार नाही," असे तो म्हणायचा आणि दोघी खो खो हसायच्या.

आता यातली गंमत ऐका. कॅमेरा एक आणि वेड्या दोन! थोरलीला आगगाड्या आणि पोलिसांच्या गाड्या आवडत. लहानपणी ती एकदा बाजारात हरवली होती. पोलिसांनी तिला आपल्या गाडीत बसवून, गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवत घरी आणून सोडले होते. तेव्हापासून तशी गाडी दिसली की तिचा चेहरा फुलायचा. धाकटीला मात्र रान हवे. राखीव उद्याने, तळी, हरणे, करकोचे, झाडाच्या ढोलीतले घुबड. ती तासन् तास न हलता बसू शकायची. थोरलीला तेवढा दम नव्हता.

म्हणून त्यांनी वाटणी केली. एक फोटो तुझा, एक माझा. आणि रोलमधला शेवटचा फोटो नेहमी धाकटीचा. "गाड्या काय, परत येतात," थोरली स्वतःच म्हणाली होती. "तुझे प्राणी येत नाहीत. शेवटचा तुझ्यासाठी राखून ठेवत जाऊ."

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. माझ्या एकाच रोलमध्ये तुम्हाला आधी मालगाडीचे इंजिन दिसले असते, मग पाणी पिणारी सांबराची मादी, मग चौकीसमोर उभी असलेली पोलिसांची जीप, मग शिंगांवर बगळा घेऊन बसलेला रेडा. स्टुडिओवाला फोटो धुऊन देताना म्हणायचा, "बाई, हे एकाच घरातले फोटो आहेत ना? माझ्याकडून अदलाबदल तर झाली नाही?"

एकदा एका लहानशा गावात थोरली चौकीबाहेरच्या नव्या कोऱ्या गाडीचा फोटो घेत होती. इतक्यात हवालदार बाहेर आला.

"काय हो बाई, गाडीचे फोटो कशाला?"

थोरलीने मला चटकन पाठीमागे लपवले. धाकटी पुढे झाली. "साहेब, तिला लहानपणापासून या गाड्यांचं वेड आहे. चोरसुद्धा तुमच्या गाडीकडे इतक्या बारकाईने बघत नसेल!"

हवालदार पोट धरून हसला. "असं होय! मग बसा की आत. पण पुढे बसा. मागची जागा वेगळ्या पाहुण्यांची असते."

थोरली पुढे बसली. त्याने छतावरचा दिवा लावला. त्या वेळचा तिचा चेहरा धाकटीने माझ्यातून पाहिला आणि बटण दाबले. फोटो काढायची पाळी खरे तर थोरलीची होती, पण असल्या हिशेबाचे तेव्हा कोणाला काही वाटत नसे.

मग ती शेवटची सहल आली.

दूरच्या एका उद्यानात नदीचे मोठे वळण होते. तिथे पाणमांजरे राहतात असे धाकटीने ऐकले होते. पाणमांजर पाहायचे हे तिचे फार जुने स्वप्न होते. या आधी दोनदा ती त्यासाठी काठावर बसून रिकाम्या हाताने परतली होती. त्या दिवशी ती सकाळपासून एका खडकाआड बसली. ऊन चांगलेच तापले होते. मी थोरलीच्या गळ्यात होतो. छत्तीस फोटोंपैकी आता एकच उरला होता आणि तो धाकटीचा होता.

थोरलीला बसवेना. "मी जरा वर पुलाकडे जाऊन येते. तुला काही दिसलं तर हात कर," असे म्हणून ती चढण चढून रेल्वेच्या पुलापाशी आली. आणि तिथेच घोटाळा झाला. लांबून शिटी ऐकू आली. धूर दिसला. जुन्या वाफेच्या इंजिनाची ती खास फेरी होती. असले इंजिन थोरलीने फक्त चित्रांत पाहिले होते. काळेभोर, घामेजल्या घोड्यासारखे चकाकणारे ते धूड पुलावर आले. तिने मला डोळ्याला लावले. तिचे बोट बटणावर गेले. तिला आठवण नव्हती असे नाही. तिने खाली खडकाकडे एकदा पाहिलेसुद्धा. मग बटण दाबले.

गाडीचा शेवटचा डबा पुलावरून उतरला आणि खाली धाकटीचा हात वर झाला.

थोरली धावत, घसरत खाली आली. समोरच्या ओल्या दगडावर पाणमांजर बसले होते आणि त्याच्या पाठीमागून दोन पिल्ले वर चढत होती. धाकटीने माझ्याकडे न पाहताच मला हातात घेतले. रोल पुढे सरकवायचा दांडा ओढला. तो अर्ध्यावर अडकला. तिने पुन्हा ओढला. मी काय करणार? माझ्यात जागाच उरली नव्हती.

"ताई, संपला?" ती अगदी हळू म्हणाली.

"अगं, ते इंजिन... तसलं इंजिन पुन्हा कधी..."

पाणमांजराने मान वर केली, पिल्लांना पाण्यात लोटले आणि मागोमाग तेही दिसेनासे झाले. दगड तेवढा ओला राहिला.

धाकटी उठली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यापेक्षा चढला असता तर बरे झाले असते. "तुला कुणासाठी थांबायची सवयच नाही, ताई. एकटीचं घर, एकटीचं ताट. दुसऱ्याचं राखून ठेवायचं असतं, हे तुला कसं कळणार?"

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "एकटीचं ताट कुणामुळे राहिलं, ते विचार एकदा स्वतःला."

एवढेच. दोघींच्या तोंडून निघून गेले, पण परत कोणालाच घेता आले नाही. परतीच्या वाटेत पोलिसांच्या दोन गाड्या आडव्या गेल्या, थोरलीने मान वळवली नाही. घर आल्यावर ती मला घेऊन उतरली. धाकटी गाडीतच बसून राहिली आणि तिने गाडी पुढे घेतली.

थोरलीने मला कपाटात रजयांच्या मागे ठेवले. रोल माझ्या पोटातच होता. एकदा, फक्त एकदा, ती मला पिशवीत घालून स्टुडिओच्या दारापर्यंत घेऊन गेली. दाराबाहेर उभी राहिली. मग "बघू पुढे कधीतरी," असे पुटपुटत परत फिरली. मी तेव्हा अगदी ठणठणीत होतो, मित्रांनो. आतली चित्रेही ताजी होती. ती चार पावले आत गेली असती तर!

कपाटात ओल यायची. माझी बॅटरी पाझरली, भिंगावर पहिला ठिपका उमटला, मग दुसरा. बाहेरचे बोलणे मला दारातून ऐकू येई. शिंपी अधूनमधून येऊन चहा प्यायचा. "ती बरी आहे, ताई. तुमची चौकशी करते," असे तो म्हणायचा. तो खोटे बोलतो आहे हे त्यालाही कळायचे आणि हिलाही. "माझा आशीर्वाद सांगा," असे ती म्हणायची. तिकडे जाऊन तो काय सांगायचा ते मला ठाऊक नाही. वर्षे अशीच गेली. दोघींची घरे एकाच गावात होती, यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मग एक दिवस थोरलीने बनवलेली कवळी वाकडी बसली. असे कधी झाले नव्हते. दुसरीही वाकडी आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की तिच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडला आहे आणि तो वाढतच जाणार. कडेकडेचे दिसेल, पण समोरचे दिसणार नाही. तिचे काम सुटले. शिंप्याने घरी जाऊन आपल्या बायकोला काय सांगितले कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले.

"कोण?" थोरलीने विचारले.

"मी."

कडी निघाल्याचा आवाज आला. थोरली म्हणाली, "आत ये. पायात स्टूल आहे, बघून ये."

धाकटीने त्या दिवशी घर आवरायला काढले. बोलण्यापेक्षा ते सोपे होते. रजया उन्हात टाकताना तिच्या हाताला मी लागलो. तिने मला ओळखले. दांडा ओढून पाहिला, तो तिथेच अडकला होता. ती मला तशीच घेऊन स्टुडिओत गेली.

स्टुडिओवाला म्हातारा झाला होता. त्याने रोल धुतला आणि मान हलवली. "बाई, फार उशीर केलात. दोन-तीन वर्षांत आणला असता तर सगळे आले असते. यात आता काही नाही."

"असू दे. सगळे छापा," धाकटी म्हणाली.

सगळे फोटो नुसते करडे होते. त्यांचे पाकीट घेऊन ती थोरलीसमोर टेबलाशी बसली. मी शेजारीच होतो.

"हा बघ ताई, पहिला. चौकीसमोरची गाडी. छान आलाय."

थोरलीने फोटो हातात घेतला. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तो निरखला. "मला तर सगळं करडं दिसतंय गं."

"धुकं होतं त्या दिवशी."

"धुकं नव्हतं. ऊन होतं, कडक."

धाकटीने पाकीट बंद केले. पण थोरली म्हणाली, "थांबलीस का? सांग की. गाडी कशी होती?"

मग धाकटी सांगू लागली. एकेक करडा कागद उचलायची आणि आठवेल ते सांगायची. "दिवा लाल होता," असे ती म्हणाली की थोरली म्हणायची, "निळा. लाल त्या आदल्या गावात." "हे हरीण एकटंच होतं," असे म्हटले की, "एकटं कुठलं, मागे पाडस होतं, तूच मला दाखवलंस." चहा गार झाला. शेवटी एकच कागद उरला. तो धाकटीने उचलला नाही.

"तो तुझा होता," थोरली म्हणाली.

"हो."

"मी घेतला."

"घेतलास, ताई. आणि मी जे बोलले ते..."

"राहू दे ते." थोरलीने हात पुढे केला, तो टेबलावर चाचपडत तिच्या हातापर्यंत पोचला. "पाणमांजर कसं होतं गं? मला आठवतच नाही. मी तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत होते."

धाकटीने सांगितले. ओली मिशी सांगितली, पिल्लांची धडपड सांगितली. थोरली डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "गेली असती ना गं मी तेव्हाच स्टुडिओत, तर आज निदान तुला तरी दिसलं असतं सगळं." धाकटी चहा पुन्हा गरम करायला उठली.

मित्रांनो, त्या आता बोलतात, येतात-जातात. हे खरे आहे. पण मधली वर्षे कोणी धुऊन छापून देणार नाही, हेही खरे आहे. म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. घरात माझ्यासारखा एखादा पडला असेल तर त्याला कपाटात कोंडू नका. त्याची बॅटरी काढा, त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून हातात घ्या. त्याच्या पोटात काही राहिले असेल तर आजच बाहेर काढा. आणि कोणाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला असाल, तर पुन्हा जा. ओल कोणासाठी थांबत नाही.

आज सकाळी धाकटी थोरलीला गाडीतून तळ्यावर घेऊन गेली आहे. काय काय दिसते ते ती तिला बोलून दाखवते. जाताना त्यांनी पाण्याची बाटली घेतली, छत्री घेतली. मला मात्र नेले नाही. मी खिडकीत बसून आहे.