रंगाखालची सातवी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. तुमच्याशी उभ्याने बोलले असते तर बरे दिसले असते. पण आता फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून अप्पांच्या पडवीत आडवी पडूनच सांगते.

पळसदेवची आमची आळी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठावर आहे. पाणी इतके रुंद, की सोलापूर रस्त्यावरून वाट वाकडी करून आलेले पाहुणे "हा तर समुद्रच की!" म्हणतात. आळीत तीन कलावंत शेजारी शेजारी राहतात. सुयोग दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉल्यांवरची अक्षरे रंगवतो. अप्पा कागदाच्या लगद्यापासून जत्रेतल्या सोंगांचे मुखवटे घडवतात. प्रयागबाई होड्यांच्या पुढच्या टोकावर चित्रे काढतात. त्यांनी रंगवलेली होडी पैलतीरावरूनही ओळखू येते.

मला घडवले ते चौथ्या शेजाऱ्याने, रामभाऊंनी. बारामतीला तंत्रशाळेत सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले होते. माझ्या उभ्या बाजू त्यांनी सागाच्या केल्या आणि अकरा पायऱ्या बाभळीच्या. दोन पायऱ्यांत बरोबर अकरा इंच अंतर. खिळा एकही नाही. पायऱ्यांची टोके खाचांत बसवून पाचरी मारल्या. मग त्यांनी अप्पांना हाक मारली.

"अप्पा, तुमी चढा. तुमचं वजन पेललं तर साऱ्या गावाचं पेलंल."

अप्पा प्रत्येक पायरीवर उभे राहिले. अकराव्या पायरीवरून त्यांनी विचारले, "आता उतरू, का परीक्षा हाय अजून?"

सगळे हसले. रामभाऊ मात्र हसले नाहीत. जवसाच्या तेलाचा बोळा माझ्या अंगावर फिरवत ते म्हणाले, "ही शिडी आळीची. कुणीबी न्या. पण हिला रंग द्यायचा न्हाय. दर दसऱ्याला तेल पाजायचं. लाकडाच्या मनात काय चाललंय ते वरनं दिसलं पाहिजे."

ती वर्षे चांगली गेली, मित्रांनो. कष्ट होते, पण शीण नव्हता. सुयोग मला भिंतींना टेकवी. अप्पा माझ्या पायऱ्यांवर ओले मुखवटे वाळत घालत, आणि जाणारी-येणारी मुले त्या अकरा तोंडांना वेडावून दाखवत. उन्हाळ्यात पाणी उतरले की धरणात बुडालेले जुने देऊळ उघडे पडे. तेव्हा प्रयागबाई मला तिकडे नेत. दगडाला ओरखडा उठू नये म्हणून माझ्या वरच्या टोकांना त्या गोणपाट बांधत, आणि माझ्यावर चढून भिंतीवरच्या मूर्ती कागदावर उतरवून घेत. त्याच मूर्ती पुढे होड्यांवर दिसत.

पुढे रामभाऊंचे गुडघे गेले आणि लेक त्यांना इंदापूरला घेऊन गेली. पहिल्या दसऱ्याला सुयोगला वाटले, अप्पा तेल देतील. अप्पांना वाटले, प्रयागबाई देतील. प्रयागबाईंना वाटले, सुयोगने दिलेच असेल. असे चार दसरे गेले. मी उन्हात तापले, पावसात भिजले. सातव्या पायरीच्या टोकाशी केसाएवढी भेग पडली. मी करकरू लागले. मित्रांनो, करकर ही शिडीची तक्रार असते. आम्हाला दुसरी भाषा येत नाही.

गेल्या हिवाळ्यात पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून आळीने आपल्या कामाचे प्रदर्शन मांडायचे ठरवले. मला प्रदर्शनाच्या दारात उभी करणार होते. सुयोगने माझ्यावरून हात फिरवला. सातव्या पायरीपाशी बोट अडले. रंगाऱ्याचा हात तो. त्याला तेथे दुखणे दिसले नाही, खडबडीत पृष्ठभाग दिसला. त्याने भेगेत लांबी, म्हणजे रंगाऱ्याचे पांढरे लुकण, भरली, पॉलिश पेपरने घासली आणि सगळ्या अंगाला निळा ऑइलपेंट दिला. वर प्रयागबाईंनी वेल काढला आणि पायरीपायरीवर गुलाबी रोहित पक्षी बसवले. अप्पांनी टोकांना दोन छोटे मुखवटे डकवले.

माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढीत. रंग सांध्यांत जाऊन बसला होता, त्यामुळे माझी करकरही थांबली. अप्पा म्हणाले, "रंगानं शिडी सुधारली बघा!" मी आतून फाटत होते, आणि मला आवाज उरला नव्हता.

यंदा मे महिन्यात पाणी उतरले. देवळाच्या भिंतीवर उंच एक मृदंग वाजवणारी स्त्री आहे. सहा उन्हाळे प्रयागबाई तिला थोडी थोडी कागदावर आणत होत्या. पाय झाले, हात झाले, मृदंग झाला. चेहरा राहिला होता.

"चेहरा मागं ठेवलाय, म्हंजी आळीतल्या कुणाचा काढायचा हे ठरंना व्हय?" अप्पांनी विचारले.

"तुमचाच लावते अप्पा. पाणी घाबरून माघारी पळंल."

मग त्या गंभीर झाल्या. "चेष्टा सोडा. दरसाली पाण्यात राहून दगड झिजतोय. औंदा न्हाय उतरवला तर पुढल्या साली नाक राहतंय का, कुणाला ठाऊक?"

अप्पा आणि सुयोग मला खालून धरून उभे राहिले. प्रयागबाई चढल्या. पाचवी. सहावी. मला ओरडायचे होते. सातव्या पायरीवर त्यांनी दोन्ही पाय टेकले, पेन्सिल कानावरून काढली, आणि पायरी टोकाशी तुटली. प्रयागबाई उजव्या हातावर पडल्या.

मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लास्टर बसले. तोवर पावसाळा लागून वरून पाणी आले आणि देऊळ पुन्हा बुडाले.

इंदापूरहून रामभाऊ काठी टेकत आले. त्यांनी तुटलेले टोक चष्म्याजवळ नेले, नखाने खरवडले. पांढरी भुकटी पडली.

"लांबी कुणी भरली?"

"मी, रामभाऊ," सुयोग म्हणाला. "मला वाटलं, गुळगुळीत दिसंल."

"दिसलंच की गुळगुळीत," रामभाऊ म्हणाले. एवढेच.

त्यांनी मला बाभळीची नवी पायरी बसवली. माझा रंग मात्र प्रयागबाईंनी स्वतः काढला. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने काचेचा तुकडा धरून त्या रोज थोडे खरवडत. स्वतःचा वेल त्यांनी स्वतः उतरवला. शेवटच्या पायरीवर एकच पक्षी उरला, तेव्हा सुयोगला राहवले नाही.

"मावशी, तेवढा एक राहू द्या. लई जिवंत उतरलाय."

"त्याच्याखाली काय हाय, ते दिसतंय का तुला?"

सुयोगने त्यांच्या हातातली काच घेतली आणि तो पक्षी स्वतः खरवडला. त्याखाली धड लाकूड होते. तरीही कुणी हळहळले नाही.

मित्रांनो, आता मी उघडी आहे. माझे डाग, गाठी, चिरा सगळे दिसते. कुणी फोटो काढत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल. वस्तू असेल किंवा माणूस असेल. त्याला सजवण्याआधी एकदा हात फिरवून पाहा. बोट अडले, तर तिथे थांबा.

प्रयागबाईंच्या भिंतीवर तो कागद अजून लावलेला आहे. मृदंगावर हात आहेत, चेहऱ्याची जागा कोरी आहे. त्यांची बोटे अजून नीट मिटत नाहीत. काल कुणी न सांगता सुयोगने मला तेल पाजले. दसऱ्याला अजून महिना आहे. आज मला उचलून ठेवताना मी जरा करकरले, तर तिघेही जागच्या जागी थांबले आणि ऐकत राहिले.