पाटावरची पक्कड

“रेस वापस येऊन नाई राहिली, मिस्त्री,” मंगरू ट्रकमधून उतरताच म्हणाला. इंजिन त्याने चालूच ठेवले होते. मागे फाळक्याला धरून अकरा बाया उभ्या होत्या, कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात गाठोडे. तुमसरच्या मालधक्क्यावर मँगनीज उतरवणाऱ्या या बाया दसऱ्यासाठी नाकाडोंगरीकडे घरी निघाल्या होत्या. घरी सोडायला ट्रक, ही मालकाची वर्षातून एकदाची मेहरबानी, दुसरे काय!

एकोणऐंशी सालचा दसरा तो. माझे दुकान म्हणजे नाकाडोंगरीच्या रस्त्याला लागून एक टिनाचे छप्पर, आणि त्याच्या मागेच घर. मी बॉनेट उघडून पाहिले. पाय उचलला की रेस खाली आणणारी स्प्रिंग तुटली होती. त्या जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड असायची. स्टिअरिंगच्या बाजूला हाताने ओढायची एक मूठ. ती ओढून ठेवली की पाय न लावता गाडी आपली एकाच वेगाने धावत राही. नवे ड्रायव्हर तिला हात लावत नसत. मंगरूची नोकरी मात्र तिच्याच जिवावर टिकली होती. जॅक सटकून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. मालकाला त्याने पत्ता लागू दिला नाही, पण मला ठाऊक होते. सपाट रस्ता लागला की मूठ ओढायची आणि पाय लांब करायचा. यावरून मी त्याला शंभरदा झापले असेल.

नवी स्प्रिंग माझ्याकडे होती. काम पंधरा मिनिटांचे. पण पक्कड, पाने, पेचकस सगळे आत पाटावर मांडलेले. माझ्या बायकोने, धुरपताने, सकाळीच त्यांना हळदकुंकू वाहिले होते. दसऱ्याला हत्यार उचलायचे नाही, हे आमच्याकडे बापापासून चालत आलेले. धुरपता दारातूनच म्हणाली, “आजच्या दिवस नोका हात लावू जी.”

मीही हट्ट धरला नाही, खरे तेच सांगतो. मलाही सण होता, घरात वडे तळणे चालले होते. सायकलच्या ट्यूबचे कापलेले एक कडे पडले होते, ते तुटक्या स्प्रिंगच्या जागी नुसत्या हातांनी ताणून बसवले. मंगरूने रेस देऊन सोडली. इंजिन गुमान खाली आले. तापलेल्या इंजिनाजवळ रबर किती टिकते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षे मी हाच धंदा करत होतो.

“मूठ ओढू नोको आज,” मी म्हणालो. “पाय दुखला तर गाडी उभी कर. सकाळी ये, स्प्रिंग टाकून देतो.”

“नाई ओढत, बापा. सांजेले सोनं द्यायले येतो,” म्हणाला, आणि गेला.

जेवायला बसलो, पण ताटातला वडा नुसता मोडत राहिलो. रबर आता तापले असेल. आता मऊ पडले असेल. आंबागडच्या अलीकडे रस्ता तलावाच्या पाळीवरून एकदम खाली उतरतो, आणि आज रस्त्यावर सणाची माणसे. त्यात त्या गाडीची इंजिन बंद करायची तारही तुटलेली होती. मंगरू गिअरमध्ये हिसका देऊन इंजिन बंद पाडायचा. मालकाचे म्हणणे, चालते ना, मग झाले. मी मनाची समजूत घालत होतो की मंगरू कच्चा ड्रायव्हर नाही, रबर कधी कधी दोन फेऱ्यासुद्धा काढते. आणि डोळ्यांपुढून त्या फाळक्याला धरलेल्या बाया हलत नव्हत्या.

काहून जेवत नाही, असे धुरपताने विचारले. मी सगळे सांगून टाकले. ती उठली, पाटावरून कुंकवासकट पक्कड उचलली आणि माझ्या हातात दिली.

“जा तुमी. देवाचं मी पाहून घेईन.”

स्प्रिंग आणि पक्कड खिशात घालून मी सायकल हाणली. वाटेत चहाच्या टपरीवर विचारले. ट्रक गेल्याला तास होत आला, टपरीवाला म्हणाला, आणि बराच जोरात होता. त्यानंतर मी कोणाला काही विचारले नाही.

तलावाच्या उताराखाली त्या बाया रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या. मी सायकलवरूनच मोजल्या. अकरा. पोरेही होती. मला इतका आनंद झाला की आज सांगतानाही लाज वाटते. त्यांच्यातली म्हातारी शकुनबाई माझ्याकडे बघून रडत सांगू लागली. उतारावर गाडी ऐकेना, समोर माणसे, गुरे. मंगरू ओरडला, खाली बसा, आणि त्याने गाडी रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, घातली. चिखलाने चाके धरली. बाया एकमेकींवर पडल्या, खरचटण्यावर निभावले. ड्रायव्हरची बाजू तेवढी शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला जाऊन धडकली.

मंगरूला लोकांनी धुऱ्यावर निजवून तोंडावरून कोणाचे तरी धोतर पांघरले होते. मी चेपलेल्या केबिनमध्ये डोकावलो. मूठ आत होती, अगदी टेकेपर्यंत. गुडघ्याच्या कळा सोसत बिचारा माझ्या शब्दाला जागला होता. माझे ट्यूबचे कडे तुटून इंजिनाला चिकटले होते.

उन्हे उतरता मालक आला, पोलीस शिपाई घेऊन. सण आहे, घेतली असेल थोडी, ओढली असेल मूठ, असे मालक सांगत होता आणि शिपाई लिहीत होता. माझ्याकडे बघून मालकाने डोळ्यानेच गप्प राहायची खूण केली. मी स्प्रिंग काढून शिपायाच्या हातात ठेवली.

“हे लिवा,” मी म्हणालो. “मूठ आत हाये, पाहून घ्या. रबर म्या लावलं. अन् ही स्प्रिंग मायाजवळ होती.”

कोर्टाच्या खेपा झाल्या. मालकाच्या गाड्या पुन्हा माझ्या दुकानासमोर थांबल्या नाहीत. त्याचे काही नाही.

धुरपता अजूनही दसऱ्याला पाट मांडते. पाने-पेचकस ओळीने लावते आणि मध्ये वीतभर जागा मोकळी सोडते. त्या मोकळ्या जागेवरही हळदकुंकू वाहते. पक्कड माझ्या खिशात असते, आणि सोने वाटायची वेळ होईपर्यंत मी दुकानाच्या दारात बसून असतो.